केपटाऊनच्या 'सॅनकॉब' या समुद्रपक्षी बचाव केंद्रातलं स्वयंसेवी काम: प्रकल्प नोंदी, नोव्हेंबर–डिसेंबर २०२५

३ नोव्हेंबर

हंगाम सुरू झाला. पश्चिम केपमधले आफ्रिकन पेंग्विन साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत पिसं टाकतात. बहुतेक पक्षी थोडी थोडी पिसं बदलतात. पेंग्विन सुमारे तीन आठवड्यांत अंगावरचं सगळं एकदम बदलतो. तेवढे दिवस तो पाण्यात उतरू शकत नाही, कारण अर्धवट पिसांतून पाणी थेट कातडीला भिडतं. म्हणून आधी समुद्रात भरपूर खाऊन चरबी साठवायची आणि मग किनाऱ्यावर उपाशी उभं राहायचं, असा त्याचा क्रम. ज्या जोडप्यांनी उशिरा अंडी घातली त्यांची पिल्लं अजून घरट्यातच असतात. आईबाप पिसगळीला बसले की त्या पिल्लांना भरवणारं कुणी उरत नाही. वसाहतींवरचे वनरक्षक अशी पिल्लं उचलून आणतात आणि इथून पुढे दीड-दोन महिने केंद्र त्यांनीच भरलेलं असतं. अशी पिल्लं वाढवून पुन्हा समुद्रात सोडण्याचा पद्धतशीर कार्यक्रम इथे २००६ पासून चालू आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ही जात 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेली. प्रजननक्षम जोड्या १०,००० पेक्षा कमी उरल्या आहेत. मुख्य कारण भूक. सार्डिन आणि अँकोव्ही हेच यांचं अन्न, आणि त्याच माशांवर मोठ्या जाळ्यांच्या बोटी चालतात. मार्च २०२५ मध्ये न्यायालयात तडजोड होऊन सहा वसाहतींभोवती (डासेन, रॉबेन, स्टोनी पॉइंट, डायर, सेंट क्रॉय आणि बर्ड बेट) या मासेमारीला दहा वर्षांची बंदी लागू झाली. जात इतकी आक्रसली की एकेक पिल्लू वाचवण्यालाही अर्थ येतो. एरवी पक्षी वाचवणं आणि जात वाचवणं ही दोन वेगळी कामं असतात.

नवीन आलेल्यांसाठी एक गोष्ट सुरुवातीलाच. समुद्रावर जगणाऱ्या पक्ष्याला जमीन, कोंडलेली हवा आणि गोडं पाणी सोसत नाही. त्याचा इथला प्रत्येक जास्तीचा दिवस पाय, फुफ्फुसं आणि पिसं यांच्यावर चढत जातो. पुढच्या नोंदींमधलं जवळजवळ सगळं काम हे नुकसान रोखण्याचं आहे.

५ नोव्हेंबर: अंगावर काय, हातात काय

प्लास्टिकची पँट आणि जॅकेट, गमबूट, आणि निओप्रीनचे (पाणबुड्यांच्या पोशाखाचं कापड) हातमोजे व कोपरापर्यंतच्या बाह्या. कातड्याचे जाड हातमोजे नकोत. त्यात बोटांना काही जाणवत नाही आणि पक्षी दाबला जातो. धनुर्वाताची लस घेतल्याशिवाय पक्ष्याला हात लावायचा नाही. पेंग्विनच्या चोचीला पुढे आकडा असतो. तो चावून सोडून देत नाही, धरून पिळतो.

पकडताना मागून जायचं, एका हाताने डोक्याची मागची बाजू जबड्याच्या सांध्यापाशी धरायची, दुसरा हात पोटाखालून घेऊन पक्षी बगलेशी आणायचा. चोच कायम बाहेरच्या दिशेला आणि आपल्या चेहऱ्यापासून लांब. मानेवर किंवा छातीवर जोर द्यायचा नाही. पक्ष्यांना पडदा नसतो. छातीची हालचाल थांबली तर श्वासही थांबतो. पंखाला (इथे सगळे 'फ्लिपर' म्हणतात) धरून उचलणं तर कधीच नाही, खांदा निखळतो.

आवाज शक्य तितका कमी. पक्ष्याशी बोलायचं नाही, कुरवाळायचं नाही. आपल्याला जे लाड वाटतात ते त्याला शिकाऱ्याच्या पंजात सापडल्यासारखं असतं. पिल्लांच्या बाबतीत तर माणसाची सवय लागली की सोडल्यावर ते बोटींकडे आणि वस्तीकडे वळू शकतात.

६ नोव्हेंबर: मासळीची खोली

सकाळी सर्वांत आधी भरते ती ही खोली. गोठवलेले सार्डिन, आपल्याकडच्या तारलीचे भाऊबंद. काल रात्री फ्रीजमध्ये ४ अंशांला ठेवून सुटे केलेले. घाई झाली म्हणून कोमट पाण्यात टाकायचे नाहीत. बाहेरचा थर सडायला लागतो आणि आतला बर्फच राहतो, शिवाय जीवनसत्त्वं पाण्यात निघून जातात. सुटा केलेला मासा २४ तासांत संपवायचा. उरला तर फेकायचा, परत गोठवायचा नाही.

प्रत्येक मासा हातात घेऊन पाहायचा. डोळा खोल गेलेला, पोट फुटलेलं, कल्ला तपकिरी, अंग मऊ पडलेलं असेल तर बाजूला. पोट फुटलेल्या माशाचं तेल पक्ष्याच्या छातीवर सांडतं आणि पिसांसाठी माशाचं तेल आणि जहाजाचं तेल यांत फार फरक नाही.

गोठवलेल्या मासळीत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, घटत जातं. काही माशांत ते मोडणारं विकर असतं आणि ते फ्रीजरमध्येही हळूहळू काम करत राहतं. प्रमाण असं: दर किलो माशामागे २५ ते ३० मिलिग्रॅम थायमिन आणि १०० युनिट ई जीवनसत्त्व. गोळी पहिल्या माशाच्या कल्ल्यात खोचायची. शेवटच्या माशात दिली आणि पक्ष्याने तो मासा नाकारला, तर त्या दिवशीचा डोस बुडाला. ब-१ कमी पडलं की मान डोलते, तोल जातो, झटके येतात. बर्ड फ्लूची लक्षणंही काहीशी अशीच दिसतात, त्यामुळे गोळी कुणी दिली, कधी दिली याची नोंद फळ्यावर असायलाच हवी.

प्रौढ पक्ष्याचं वजन २.२ ते ३.५ किलो. दिवसाला साधारण ४०० ते ५०० ग्रॅम मासा, दोन वेळांत.

७ नोव्हेंबर: हाताने भरवणं

जंगली पेंग्विनला मेलेला मासा म्हणजे अन्न हे ठाऊकच नसतं, त्यामुळे सुरुवातीला हातानेच भरवावं लागतं. ठेंगण्या स्टुलावर बसून पक्षी दोन्ही मांड्यांच्या मध्ये घ्यायचा, शेपूट आपल्याकडे, चोच समोर. मांड्यांनी फक्त आधार द्यायचा. डाव्या हाताने डोकं मागून धरून अंगठा आणि तर्जनीने जबड्याच्या कोपऱ्यात हलका दाब दिला की चोच उघडते. उजव्या हातातला मासा पाण्यात बुचकळून, डोक्याकडून, जिभेच्या मागे सरकवायचा आणि लगेच हात काढून घ्यायचा. गिळायचं काम त्याचं.

मासा डोक्याकडूनच का, तर खवले आणि पर मागे झुकलेले असतात. शेपटीकडून दिला तर ते घशात अडकतात. पेंग्विनच्या जिभेवर आणि टाळूवर मागे वळलेले काटे असतात, एकदा मासा आत गेला की तो सहसा बाहेर येत नाही. तरी ओकला तर कारण शोधायचं: मासा फार थंड होता, पोट आधीच भरलेलं होतं, भरवल्यावर लगेच कुणी त्याला उचललं, की आतून आजार आहे. भरवल्यानंतर तासभर पक्ष्याला हात लावायचा नाही.

शेवटी चोच आणि छाती स्वच्छ पाण्याच्या फवाऱ्याने धुवायची. नवे लोक ही पायरी सर्वांत जास्त विसरतात. परिणाम दिसायला आठवडा लागतो: छातीवरची पिसं चिकट होतात, पोहताना तिथून पाणी शिरतं आणि पक्ष्याचा मुक्काम वाढतो.

१० नोव्हेंबर: दाखल करणं

नवा पक्षी थेट आत येत नाही. २०२१ मध्ये बर्ड फ्लूने या किनाऱ्यावरचे केप पाणकावळे हजारोंनी मेले, तेव्हापासून पहिली तपासणी दाराबाहेरच्या मांडवात होते. मास्क, चष्मा, एकदाच वापरायचा झगा. मान वाकडी, गोल गोल फिरणं, डोळ्यावर धुरकट पडदा, डोकं थरथरणं, यातलं काही दिसलं तर पक्षी वेगळ्या कक्षात.

दारातल्या पायधुणीत एफ-१० हे जंतुनाशक १:२५० प्रमाणात: १० लिटर पाण्यात ४० मिलिलिटर. बूट आधी ब्रशने घासून मगच बुडवायचे. विष्ठा आणि माती पाण्यात मिसळली की जंतुनाशकाचा जोर संपतो. रंग बदललेली पायधुणी म्हणजे नुसतं घाण पाणी.

तपासणीचा क्रम: वजन, तापमान (३९ अंशांच्या आसपास अपेक्षित), छातीच्या हाडावर हात फिरवून मांस किती उरलंय ते पाहणं, चोचीच्या आत रंग आणि ओल, डोळे, पंख, पाय, शेवटी पिसं फुंकून कातडी. पायाच्या शिरेतून थोडं रक्त: पेशींचं प्रमाण (पीसीव्ही), प्रथिनं, आणि मलेरिया तपासायला काचेवर रक्ताचा पातळ थर (पसरण).

उपाशी, गार पडलेल्या पक्ष्याला मासा द्यायचा मोह टाळावा. आतडं थंड असताना अन्न हलत नाही, तिथेच सडतं. आधी ऊब. अंग तापलं की नळीने कोमट क्षारपाणी, किलोमागे जास्तीत जास्त ५० मिलिलिटर. त्यानंतर मासळीचं पातळ मिश्रण, मग दाट, आणि दोन-तीन दिवसांनी अख्खा मासा. हा क्रम उलटला तर पहिल्या दिवशी गटागटा गिळणारा पक्षी दुसऱ्या दिवशी मरतो.

नळीचं माप चोचीपासून शेवटच्या बरगडीपर्यंत बाहेरूनच घ्यायचं आणि तिथे चिकटपट्टीची खूण करायची. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशी समोरच दिसतं. ते टाळून नळी बाजूने, सावकाश. अडली तर जोर नाही, बाहेर काढून पुन्हा. घशात द्रव वर येताना दिसला की तत्क्षणी थांबून, नळी चिमटीत बंद करून काढायची आणि डोकं मोकळं सोडायचं, पक्षी स्वतः झटकून टाकतो.

आणखी एक. किनाऱ्यावर सापडलेला पेंग्विन लोक बर्फात ठेवून आणतात. भायखळ्याच्या राणीबागेत हम्बोल्ट पेंग्विन वातानुकूलित कक्षात पाहिलेल्या आपल्या वाचकांचाही हाच समज असू शकतो. हम्बोल्ट आणि आफ्रिकन पेंग्विन जवळचे नातलग, आणि दोघेही समशीतोष्ण किनाऱ्यावरचे. अशक्त पक्ष्याला बर्फ म्हणजे मरण.

१३ नोव्हेंबर

वारा, आग्नेयेचा, दिवसभर. मॅट धुण्याचं आणि तळी घासण्याचं काम. विशेष काही नाही.

१७ नोव्हेंबर: तेल

तेल लागलेला एक पेंग्विन आला. छाती आणि डावी बाजू काळी. अशा पक्ष्याकडे पाहून पहिलं मनात येतं ते धुणं, आणि आज ते करायचं नसतं.

तेलाने मारण्याचे मार्ग दोन. पिसांची सूक्ष्म अंकुशासारखी वीण एकमेकांत अडकलेली असते म्हणून पाणी आत जात नाही. तेलाने ती वीण चिकटून उघडते. पाच रुपयांच्या नाण्याएवढ्या डागातूनही थंडगार समुद्र कातडीपर्यंत पोहोचतो. दुसरा मार्ग चोचीतून. पक्षी पिसं साफ करतो, तेल गिळतो, आतड्याला व्रण पडतात, तांबड्या पेशी फुटतात, रक्त पातळ होतं.

धुण्याची प्रक्रिया निरोगी पक्ष्यालाही थकवते. म्हणून आधी स्थिर करणं: ऊब, क्षारपाणी, पोटातलं तेल शोषण्यासाठी सक्रिय कोळशाचं द्रावण, मग अन्न. अंगावर कापडी झूल, म्हणजे ऊब राहते आणि चोच तेलापर्यंत पोहोचत नाही. पक्षी स्वतः उभा राहतो, वजन घसरत नाही, पीसीव्ही ३० टक्क्यांच्या वर आहे, असं झालं की धुणं. बहुधा दोन-तीन दिवस जातात.

२० नोव्हेंबर: धुणं

पक्षी तयार. तिघंजण: एक धरणारा, एक धुणारा, एक पाणी आणून देणारा.

गरम पाण्याची व्यवस्था हा खरा अडसर असतो. पाणी ४० ते ४२ अंश, म्हणजे पक्ष्याच्या अंगापेक्षा किंचित गरम, शेवटच्या थेंबापर्यंत. ३५ वर घसरलं तर पक्षी गारठतो आणि तेलही सुटत नाही. पाण्याचा जडपणा लिटरला ३५ ते ५० मिलिग्रॅमच्या दरम्यान हवा. जड पाण्यातले क्षार साबणाशी मिळून पिसांवर बारीक खडे धरतात आणि मग पिसं कितीही खळखळली तरी पाणी झटकत नाहीत. बोअरवेलच्या पाण्यावर हे काम करायचं असेल तर आधी पाणी मऊ करणारं यंत्र, मग बाकी सगळं.

टब रांगेत मांडलेले. प्रत्येकात भांडी घासायचा साधा द्रव साबण, २ टक्के: २० लिटर पाण्याला ४०० मिलिलिटर. सुगंधी, हात मऊ ठेवणारा, क्रीम मिसळलेला साबण नको, त्यातला स्निग्धांश पिसांवर राहतो. घट्ट डांबरी तेल असेल तर अर्धा तास आधी कोमट वनस्पती तेल चोळून ते सैल करायचं.

पक्षी मानेपर्यंत पाण्यात. हाताने पाणी पिसांतून ढकलायचं, पिसांच्या वाढीच्या दिशेने. घासायचं नाही. डोक्याला मऊ टूथब्रश, डोळ्याभोवती कापसाची काडी, डोळे मध्येमध्ये सलाइनने धुवायचे. पाणी काळं झालं की पुढचा टब. तेल जास्त असेल तर दहा-पंधरा टब सहज लागतात, आणि धुणं पाऊण तास ते तासभर चालतं. टबातलं पाणी स्वच्छ राहिलं की तेल संपलं. मध्येच पक्षी तोंड उघडून धापा टाकू लागला, डोळे मिटू लागला, तर थांबायचं. उरलेलं दुसऱ्या दिवशी.

खळखळणं हे धुण्याएवढंच मोठं काम आहे, आणि थकवा आल्यावर येतं म्हणून तिथेच घाई होते. बारीक फवारा, दाब ४० ते ६० पीएसआय, त्याच तापमानाचं पाणी. शेपटीकडून सुरुवात करून पिसांच्या उलट दिशेने, काखेत, पायांच्या मधे, हनुवटीखाली. खूण अशी की पाण्याचे थेंब गोळ्या होऊन घरंगळतात आणि खालचा लव पांढरा, कोरडा, मोकळा दिसतो. जिथे थेंब पसरतो तिथे साबण आहे. उरलेला साबण तेलाएवढाच पाणी आत सोडतो.

टॉवेलने टिपायचं, पुसायचं नाही. मग गरम हवेच्या खोलीत. इन्फ्रारेड दिवा लावला तर खोलीच्या एकाच बाजूला, म्हणजे तापलेला पक्षी स्वतः लांब सरकू शकतो.

इथल्या लोकांना हे काम इतकं हातात बसलंय त्यामागे मोठा इतिहास आहे. १९६८ मध्ये 'एस्सो एसेन' टँकरच्या गळतीनंतर अल्थिया वेस्टफाल यांच्या पुढाकाराने सॅनकॉब ही संस्था उभी राहिली. १९९४ च्या 'अपोलो सी' दुर्घटनेत सुमारे १०,००० पेंग्विन माखले आणि त्यातले निम्मेच वाचले. २३ जून २००० रोजी 'ट्रेझर' हे जहाज डासेन आणि रॉबेन बेटांच्या मध्ये बुडालं, तेव्हा सुमारे १९,००० माखले आणि तरीही बहुसंख्य वाचले. मधल्या सहा वर्षांत वाहतुकीच्या हवेशीर पेट्या, पक्षी स्थिर करण्याचा क्रम, स्वयंसेवकांची तयारी, सगळं सुधारलं होतं. त्याच वेळी तेल न लागलेले आणखी १९,५०० पक्षी पकडून पूर्वेला केप रेसिफजवळ सोडले. ते सातशे-आठशे किलोमीटर पोहत घरी येईपर्यंत समुद्र साफ करायला अवधी मिळाला. पीटर, पामेला आणि पर्सी या तीन पेंग्विनांच्या पाठीवर उपग्रहयंत्रं होती, अख्खा देश त्यांचा प्रवास पाहत होता. तेल लागण्यापूर्वीच पक्षी हलवणं हा सर्वांत स्वस्त इलाज आहे, हे त्या वर्षी आकड्यांत दिसलं.

२४ नोव्हेंबर: पाय

आज सगळ्यांचे तळपाय तपासले. पोहायला हवा तो पक्षी सिमेंटवर उभा राहिला की तळव्यावर एकाच जागी दाब येतो. आधी कातडीवरची खरबरीत जाळी गुळगुळीत आणि चकचकीत होते, मग लाल, मग जखम, मग आतलं हाड. पहिल्या टप्प्यावर ओळखलं तर जास्त पोहणं आणि मऊ जमीन एवढ्याने भागतं. तिसऱ्या टप्प्यावर महिने जातात.

उपाय मॅटचा. रबरी जाळीची मॅट, कृत्रिम गवत, गोल दगड, असे वेगवेगळे पृष्ठभाग एकाच आवारात, म्हणजे दाबाची जागा बदलत राहते. मॅट रोज काढून, घासून, जंतुनाशकात भिजवून, खळखळून, उन्हात वाळवून. कंटाळवाणं काम आहे, पण औषधाच्या कपाटापेक्षा याच कामाने जास्त पाय वाचतात असं आमचं मत आहे.

२६ नोव्हेंबर: डास आणि बुरशी

उन्हाळ्याबरोबर क्युलेक्स डास आले आणि पक्ष्यांचा मलेरिया आला. (माणसाला याची लागण होत नाही.) वाऱ्याच्या बेटांवर वाढलेल्या पेंग्विनला याचा प्रतिकार कमी. लक्षणं फसवी असतात: एक वेळचं खाणं सोडणं, हिरवट विष्ठा, थोडी सुस्ती, काही वेळा आदल्या संध्याकाळी पोहलेला पक्षी सकाळी मेलेला सापडतो. म्हणून रक्ताची पसरण नियमित. उपचाराला प्रायमाक्विन आणि क्लोरोक्विन, डोस पशुवैद्य ठरवतात. आपलं काम साचलेलं पाणी ओतण्याचं, रात्री जाळ्या लावण्याचं आणि पंखे चालू ठेवण्याचं. वाहत्या हवेत डास बसत नाही.

पंख्यांचा दुसरा उपयोग अ‍ॅस्परजिलस बुरशीसाठी. तिचे बीजाणू सगळीकडे असतात, पण कोंडलेली हवा, ओले टॉवेल, गवत-पेंढा आणि विष्ठेचा अमोनिया मिळाला की फुफ्फुसात रुजतात. आवाज बसणं, शेपूट हलवत श्वास घेणं, ही उशिराची लक्षणं. तोवर फार थोडं करता येतं. जास्त दिवस राहणाऱ्यांना इट्राकोनाझोल आधीपासून देतात. पेंढा आवारात येऊ द्यायचा नाही, पेटीतसुद्धा.

२९ नोव्हेंबर: गॅनेट

केप गॅनेट दाखल, पंखात गळ. गॅनेटला बाहेरून नाकपुड्या नसतात. तो चोचीच्या कोपऱ्यातून श्वास घेतो. चोच पूर्ण मिटून धरली किंवा टेप लावली तर तो गुदमरतो. धरताना दोन्ही चोचींच्या मध्ये एक बोट ठेवायचं. पाणकावळ्यांचंही तेच. चोच सरळ, धारदार, आणि तो डोळ्यावर नेम धरतो, म्हणून चष्म्याशिवाय कुणी जवळ जायचं नाही.

ही नोंद कोकणासाठी ठळक करून ठेवतोय. जून ते सप्टेंबरच्या वादळी वाऱ्यांत मास्क्ड बूबी हा गॅनेटचा जवळचा नातलग आपल्या किनाऱ्यावर थकून उतरतो. त्यालाही बाहेरच्या नाकपुड्या नाहीत. चांगल्या हेतूने, चावू नये म्हणून चोचीला रबरबँड लावला तर तो पेटीतच मरेल.

गळ काढताना मागे ओढायचा नाही. टोक पुढे ढकलून बाहेर काढायचं, काटा पकडीने तोडायचा, मग दांडा मागे घ्यायचा. दोरा घशात जात असेल तर ओढू नये आणि कापूही नये. बाहेर टेपने चिकटवून पशुवैद्याकडे.

३ डिसेंबर: पिल्लं

सर्वांत लहान पिल्लांच्या खोलीत आज पाळी. अंड्यातून आलेलं पिल्लू जेमतेम ६०-७० ग्रॅमचं. उबवणी सुमारे ३८ ते ४० दिवसांची. सोडून दिलेली अंडी यंत्रात उबवली जातात. या पक्ष्यांची मूळ घरटी म्हणजे विष्ठेच्या जाड थरात खणलेली बिळं. एकोणिसाव्या शतकात तो थर खत म्हणून खरवडून नेला गेला, तेव्हापासून पक्षी उघड्यावर बसतात. कडक उन्हाच्या दिवशी आईबाप उठून पाण्यात जातात आणि अंडं उघडं पडतं. काही वसाहतींवर आता सिरॅमिकची घरटी ठेवली आहेत.

पेटीचं तापमान पहिल्या दिवसांत ३३-३५ अंश, मग हळूहळू कमी. दिवसातून पाच वेळा गाळलेलं मासळीचं मिश्रण, ३५-३७ अंश, एका वेळी वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. सिरिंज आधी मनगटावर तपासायची. सकाळचं वजन पहिल्या भरवणीच्या आधी, रोज त्याच काट्यावर. मागच्या भरवणीचं पोटात तसंच असेल तर पुढची भरवणी टाळून पाणी द्यायचं आणि कळवायचं. थंड पेटी, दाट मिश्रण किंवा घाई, यांतलंच काहीतरी असतं.

तपकिरी लव जाऊन निळसर राखाडी पिसं आली की पिल्लू 'ब्लू' झालं. हे घरट्यात ६० ते १३० दिवसांत होतं. अन्न भरपूर असेल तर लवकर.

६ डिसेंबर

पाणकावळ्यांची पिल्लं. ती स्वतःहून चोच आ करून मागतात, त्यामुळे भरवणं सोपं आणि जास्त भरवणं त्याहून सोपं. जानेवारी २०२१ मध्ये रॉबेन आणि युटेन बेटांवर आईबापांनी सोडलेली सुमारे २,००० पिल्लं एकदम आली होती. तेव्हापासून चिमटे, टोपल्या आणि जास्तीचे हीटर वेगळे बांधून ठेवलेले आहेत, ते इतर कामाला काढायचे नाहीत.

१० डिसेंबर: तळं

धुतलेला पेंग्विन आता रोज पोहतोय. तळ्याचं पाणी वरच्या कडेवरून सतत वाहून गेलं पाहिजे, कारण तेलाचा तवंग पृष्ठभागावरच तरंगतो. कडेवरून वाहणं बंद करून पंपाने तळाचं पाणी फिरवलं तर पाणी काचेसारखं दिसतं आणि पिसं रोज खराब होतात. म्हणूनच मासे तळ्यात टाकायचे नाहीत.

पोहून तासाभराने पिसं फुंकून कातडी पाहायची: हनुवटी, काख, पोट. आज काखेत ओल. पुन्हा धुणं लागेल का, हा प्रश्न येतोच; पण पिसांची वीण पक्षी स्वतः चोचीने बसवतो, त्यासाठी त्याला पाण्यात आणि निवांत सोडावं लागतं. तीन दिवस थांबून पाहायचं ठरलं.

गोड्या पाण्यात राहिलेल्या पक्ष्यांच्या डोळ्यांवरच्या क्षारग्रंथी मंदावतात. सोडण्याआधी काही दिवस माशातून मिठाची गोळी.

१३ डिसेंबर

काख कोरडी.

१८ डिसेंबर: सोडणं

यादीत तेलवाला पेंग्विन आणि काही ब्लू. अटी: दोन तास पोहूनही कातडी कोरडी, रक्तात परजीवी नाहीत, पीसीव्ही ठीक, तळपाय निरोगी, ब्लूंचं वजन अडीच किलोच्या पुढे. कातडीखाली ओळखचिप बसवली. पूर्वीचे पंखावरचे धातूचे पट्टे आता लावत नाहीत.

पेट्या सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. एका हवेशीर पेटीत दोन, तळाशी मॅट. गाडीत संगीत नाही, हीटर नाही. स्टोनी पॉइंटला पेट्या पाण्याकडे तोंड करून ओळीने, एकाच वेळी उघडायच्या, आणि माणसांनी मागे. पक्षी एकटा राहिला तर घुटमळतो, समूहात सरळ पाण्यात जातो. बाहेर न येणाऱ्याला ढकलायचं नाही, पेटी थोडी कलती करून थांबायचं.

२० डिसेंबर: कोकण किनाऱ्यासाठी पेटी

पुढच्या पावसाळ्याआधी रत्नागिरीच्या गटाला द्यायचं सामान. समुद्रपक्षी सापडला की आधी वनविभागाला १९२६ या फोन क्रमांकावर कळवायचं. हे सामान त्यांची माणसं येईपर्यंतच्या वेळेपुरतं आहे.

भोकं पाडलेली पुठ्ठ्याची खोकी, ६० × ४० × ४० सेंटिमीटर, सहा (तारेचा पिंजरा नको, पिसं तुटतात). जुने सुती टॉवेल बारा, दोरे न निघणारे. चष्मे दोन. निओप्रीनचे हातमोजे दोन जोड्या. पाच किलोपर्यंतचा डिजिटल काटा. थर्मामीटर. डोळ्यांसाठी सलाइन, लहान बाटल्या. गरम पाण्याच्या रबरी पिशव्या दोन, टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवायच्या. गळासाठी बाजूने कापणारी पक्कड. एकदाच वापरायचे हातमोजे आणि मास्क. जंतुनाशक, मोजपात्रासह.

खोक्याच्या झाकणावर आतून लिहायचं: चोच बांधू नका. पाणी पाजू नका. मासा भरवू नका. दूध नाही. बर्फ नाही. समुद्रात परत फेकू नका. अंधार, ऊब, शांतता.

सलाइन आणि जंतुनाशकाची मुदत मे महिन्यात तपासायची, खोकी ओल लागणार नाही अशा फळीवर ठेवायची. पक्कड गंजते, तिला तेल लावून वेगळ्या पिशवीत बांधायची, टॉवेलांबरोबर नाही.